ट्रूनॅस २५.०४ वरून २५.१० वर जाताना: परतीची वाट आधी, अपडेट नंतर

घरच्या सर्व्हरवर ट्रूनॅस ही डेटा साठवण्यासाठीची ऑपरेटिंग सिस्टीम चालवणाऱ्या बहुतेकांना एक गोष्ट ठाऊक असते. अपडेट फसलं तर जुनं बूट एन्व्हायर्न्मेंट, म्हणजे आधीच्या सिस्टीमची जपून ठेवलेली प्रत, निवडायचं आणि मागे यायचं. हे खरं आहे, पण अर्धंच. बूट एन्व्हायर्न्मेंट तुम्हाला ऑपरेटिंग सिस्टीम आणि तिची सेटिंग्ज परत देतं. इमिच या फोटोंच्या ॲपचा डेटाबेस, नेक्स्टक्लाउड या फाइलींच्या ॲपची आवृत्ती, पूलवर (डिस्कच्या एकत्रित साठ्यावर) एकदा चालू केलेली झेडएफएस या फाइल सिस्टीमची नवी फीचर्स, यांतलं काहीही ते मागे नेत नाही. सिस्टीम, ॲप्स आणि पूल या तिघांच्या परतीच्या वाटा वेगळ्या आहेत आणि प्रत्येकीची तयारीही वेगळी करावी लागते. बटण दाबण्याच्या कामाला अर्धा तास लागतो. वेळ द्यायचा तो या तयारीला.

उदाहरण म्हणून मी २५.०४ 'फँगटूथ'वरून ऑक्टोबर २०२५ मध्ये आलेल्या २५.१० 'गोल्डआय'वर जाण्याचं घेतलं आहे. पुढच्या आवृत्त्यांनाही हीच पद्धत चालेल, फक्त काय बदललं ते दर वेळी नव्याने वाचायचं.

जायचं का, हे आधी ठरवा

रिलीज नोट्स पूर्ण वाचा. त्यातही सुधारणांची यादी राहू द्या, काय काढून टाकलंय ते आधी शोधा. गोल्डआयच्या बाबतीत तीन गोष्टी घरगुती सर्व्हरवाल्यांना थेट लागतात.

पहिली आणि सगळ्यात मोठी गोष्ट ग्राफिक्स कार्डाची. या आवृत्तीत एनव्हिडियाचे ओपन कर्नल मॉड्यूलवाले ड्रायव्हर आले आणि ते ट्युरिंग पिढीपासून पुढच्याच कार्डांवर चालतात. म्हणजे जीटीएक्स १६ मालिका, आरटीएक्स २० आणि त्यापुढची कार्डं चालतील. जीटीएक्स १०५० टीआय, १०६० ही पास्कल पिढी बाहेर पडली. आपल्याकडे जुन्या गेमिंग पीसीतून सर्व्हर उभा करणं फार चालतं आणि त्यात नेमकी हीच कार्डं सापडतात. जेलीफिन किंवा प्लेक्स या सिनेमांच्या ॲप्सचं ट्रान्सकोडिंग, म्हणजे व्हिडिओचं टीव्हीला चालेल अशा रूपात रूपांतर, तुम्ही अशा कार्डावर करत असाल तर अपडेटनंतर ते काम प्रोसेसरवर येऊन पडेल. इंटेलच्या प्रोसेसरमध्ये ग्राफिक्स असेल तर जेलीफिनमध्ये क्विक सिंक हे इंटेलचं ट्रान्सकोडिंग चालू करून बघा, घरच्या दोन-तीन टीव्हींना ते सहज पुरतं. तेही नसेल तर सध्या २५.०४ वरच थांबा. त्यात काही कमीपणा नाही.

दुसरी गोष्ट व्हर्च्युअल मशीनची, म्हणजे सर्व्हरच्या आत चालणाऱ्या आभासी संगणकाची. २५.०४ च्या सुरुवातीच्या आवृत्त्यांत व्हर्च्युअल मशीन 'इन्स्टन्सेस'खाली, इन्कस या वेगळ्या प्रणालीवर बनत होती. २५.०४.२ मध्ये जुनी पद्धत परत आली आणि पुढे तीच कायम राहिली. इन्स्टन्सेसमध्ये बनवलेली मशीन आपोआप नव्या ठिकाणी येत नाहीत. घरातली उपकरणं चालवणारं होम असिस्टंट अशा मशीनमध्ये चालत असेल तर ते २५.०४ वर असतानाच नव्या व्हर्च्युअल मशीनमध्ये हलवा, दोन-चार दिवस चालू द्या आणि मग पुढचा विचार करा.

तिसरी गोष्ट छोटी आहे. डिस्कच्या स्मार्ट चाचण्यांचं, म्हणजे डिस्कच्या तब्येतीच्या तपासण्यांचं, वेळापत्रक लावण्याची जागा मेन्यूतून गेली. आधी लावलेल्या चाचण्या क्रॉन जॉब (ठरल्या वेळी आपोआप चालणारी कामं) म्हणून पुढे येतात. त्या खरंच आल्या का, हे नंतर बघायचं आहे. तपासणीच्या यादीत लिहून ठेवा.

अजून २४.०४ 'ड्रॅगनफिश'वर असाल तर उडी मारू नका. त्या आवृत्तीपर्यंत ॲप्स कुबरनेटीस या प्रणालीवर चालत होती, २४.१० 'इलेक्ट्रिक ईल'पासून ती डॉकर या दुसऱ्या प्रणालीवर आली. अधिकृत कॅटलॉगमधली ॲप्स त्या टप्प्यावर स्थलांतरित होतात, ट्रूचार्ट्स या बाहेरच्या कॅटलॉगमधली होत नाहीत. आधी त्याच आवृत्तीचं शेवटचं छोटं अपडेट, मग पुढची मोठी आवृत्ती, तिचं शेवटचं छोटं अपडेट, असं एकेक पायरीने या. आणि अगदी पहिलं म्हणजे .० आलेलं अपडेट त्याच आठवड्यात घ्यायची घरच्या सर्व्हरला काहीच घाई नसते. मी तरी .१ येईपर्यंत थांबण्याच्याच मताचा आहे.

सर्व्हरची तब्येत

आजारी पूलवर अपडेट करू नये. उजव्या कोपऱ्यातली घंटा उघडा आणि प्रत्येक सूचना वाचा. स्टोरेजच्या पानावर प्रत्येक पूल 'ऑनलाइन' हवा आणि चुकांचे आकडे शून्य हवेत. शेवटचं स्क्रब, म्हणजे पूलवरच्या सगळ्या डेटाची तपासणी, कधी झालं ते बघा. महिना उलटून गेला असेल तर आताच चालवा. मोठ्या हार्ड डिस्कवर याला रात्र जाते, म्हणून हे काम आदल्या दिवशी करायचं.

बूट डिस्ककडे सहसा कुणाचं लक्ष नसतं. 'सिस्टीम' मेन्यूतल्या 'बूट' पानावर जा. तिथे जुन्या अपडेटांची एन्व्हायर्न्मेंट्स साचलेली दिसतील आणि प्रत्येक काही जीबी जागा खातं. १६ जीबीच्या छोट्या डिस्कवर नवं अपडेट जागेअभावी अडतं ते याच कारणाने. सध्याचं आणि त्याच्या आधीचं ठेवा, बाकीची काढा. सध्याच्याला 'कीप'ची खूण करा, म्हणजे जागा कमी पडली तरी सिस्टीम ते स्वतःहून उडवणार नाही. सिस्टीम पेन ड्राइव्हवरून चालत असेल तर अपडेटच्या आधी एक साधा छोटा एसएसडी घ्या. अपडेटच्या वेळी बूट डिस्कवर सगळ्यात जास्त लिखाण होतं आणि थकलेला पेन ड्राइव्ह बरोबर तेव्हाच दगा देतो.

कॉन्फिगरेशन आणि ती एक खूण

सिस्टीमच्या सेटिंग्जमध्ये 'मॅनेज कॉन्फिगरेशन' आहे, त्यात 'डाउनलोड फाइल'. ते दाबलं की छोटी खिडकी उघडते आणि तिच्यात एकच चौकट असते: 'एक्सपोर्ट पासवर्ड सीक्रेट सीड'. ही चौकट रिकामी ठेवून फाइल उतरवली तर वरकरणी सगळं नीट वाटतं. शेअर, वापरकर्ते, वेळापत्रकं, सगळं त्या फाइलीत असतं. पण क्लाउड सिंकचे पासवर्ड, कूटबद्ध डेटासेटच्या (पूलमधल्या वेगळ्या कप्प्यांच्या) चाव्या अशा नाजूक गोष्टी त्या डेटाबेसमध्ये कुलूपबंद असतात आणि त्या कुलपाची किल्ली म्हणजे हे सीड. नव्या बूट डिस्कवर सिस्टीम टाकून ही फाइल चढवली आणि सीड सोबत नसेल, तर ती कुलपं उघडत नाहीत. म्हणून चौकटीत खूण कराच. सीडसकटची फाइल म्हणजे सगळ्या पासवर्डांची पेटी आहे, तेव्हा ती पासवर्ड मॅनेजरमध्ये किंवा कूटबद्ध पेन ड्राइव्हवर ठेवा. व्हॉट्सॲपवर स्वतःला पाठवून ठेवायची ही फाइल नव्हे.

डेटासेट कूटबद्ध असतील तर 'एक्सपोर्ट ऑल कीज' करून त्या चाव्यांची फाइलही वेगळी उतरवा. आणि या दोन्ही फाइली त्याच सर्व्हरवर ठेवू नका. सर्व्हर उघडत नसताना त्या लागणार आहेत.

ॲप्स: इथे सगळ्यात जास्त वेळ द्या

मागे येणं सगळ्यात अवघड असतं ते ॲप्सचं. कारण साधं आहे. इमिच किंवा नेक्स्टक्लाउडची नवी आवृत्ती पहिल्यांदा सुरू होते तेव्हा ती डेटाबेसची रचना बदलते. ती बदलली की जुन्या आवृत्तीला तो डेटाबेस वाचता येत नाही. नेक्स्टक्लाउडमध्ये तर खालच्या आवृत्तीवर जाणं मुळातच मान्य नाही, आणि वर जातानाही मोठी आवृत्ती गाळता येत नाही. २९ वरून ३१ वर जायचं तर वाटेत ३० वर थांबावंच लागतं.

म्हणून पहिला नियम: ॲप्स आणि सिस्टीम एकाच दिवशी अपडेट करू नका. आधी ॲप्स करा, एकेक करून. आठवडाभर घरातल्या सगळ्यांना वापरू द्या. मग सिस्टीमला हात लावा. दोन्ही एकदम केलं आणि काही अडलं, तर दोष कुणाचा हे शोधण्यातच सुट्टीचा दिवस जातो. स्वतः यामल ही सेटिंग्जची फाइल लिहून चालवलेली ॲप्स असतील तर त्यात 'लेटेस्ट' हा टॅग काढून नेमका आवृत्ती क्रमांक लिहा. नाहीतर सिस्टीमच्या अपडेटनंतर ॲप सुरू होताना गुपचूप त्याची नवी प्रतिमा (इमेज), म्हणजे नवी आवृत्ती, येऊ शकते.

दुसरी बाब डेटा कुठे आहे याची. ट्रूनॅसमध्ये ॲपचा डेटा दोन ठिकाणी असू शकतो. एक, सिस्टीमने स्वतः सांभाळलेला लपलेला 'आयएक्स-ॲप्स' डेटासेट. दोन, 'होस्ट पाथ' देऊन तुम्ही स्वतः बनवलेला डेटासेट. माझा आग्रह दुसऱ्याचा आहे. 'ॲप्स' नावाचा एक डेटासेट, त्याखाली इमिच, नेक्स्टक्लाउड, व्हॉल्टवॉर्डन (पासवर्डांचं ॲप) असे पोटडेटासेट, इमिचखाली पुन्हा फोटो आणि पोस्टग्रेस (त्याचा डेटाबेस) असे दोन. या मांडणीचा फायदा स्नॅपशॉट, म्हणजे डेटासेटची त्या क्षणाची गोठवलेली स्थिती, घेताना कळतो. वरच्या डेटासेटवर 'रिकर्सिव्ह' खूण करून स्नॅपशॉट घेतला की खालचे सगळे एकाच क्षणाला गोठतात. फोटो आणि त्यांची नोंद ठेवणारा डेटाबेस एकाच क्षणाचे असणं फार महत्त्वाचं आहे. फोटो रात्री नऊचे आणि डेटाबेस सव्वानऊचा, अशी जोडी परत आणली तर डेटाबेसमध्ये नाव आहे पण फाइल नाही, असे प्रकार होतात.

अपडेटच्या आधी क्रम असा ठेवा. ॲप्स थांबवा. चालू पोस्टग्रेसचा स्नॅपशॉटही बहुधा सावरतो, वीज गेल्यावर सावरतो तसाच. पण थांबवायला दोन मिनिटं लागतात आणि मग शंकाच उरत नाही. नंतर 'डेटासेट्स'मध्ये वरचा 'ॲप्स' डेटासेट निवडून रिकर्सिव्ह स्नॅपशॉट घ्या. नाव वाचून कळेल असं द्या, उदाहरणार्थ 'गोल्डआय-आधी' आणि पुढे तारीख, अर्थातच इंग्रजी अक्षरांत. स्वयंचलित स्नॅपशॉटना मुदत असते, हाताने घेतलेला तुम्ही काढेपर्यंत राहतो.

स्नॅपशॉटबरोबर डेटाबेसचा डंपही, म्हणजे त्यातल्या सगळ्या नोंदी उतरवलेली फाइलही, हवा. इमिच रोज पहाटे दोनला स्वतःच डंप काढतं आणि शेवटचे चौदा ठेवतं. ते 'बॅकअप्स' फोल्डरमध्ये खरंच येताहेत ना, आणि त्यांचा आकार शून्य तर नाही ना, एवढं बघा. डंप ही कॉम्प्रेस केलेली मजकुराची फाइल असते, त्यामुळे पोस्टग्रेसची आवृत्ती बदलली तरी ती कामी येते. व्हॉल्टवॉर्डन असेल तर ब्राउझरमधून पासवर्डांची कूटबद्ध निर्यात काढून ठेवा. सर्व्हर बंद असताना सर्व्हरचाच पासवर्ड व्हॉल्टवॉर्डनमध्ये असणं ही कोंडी टाळा. ॲडमिनचा पासवर्ड कागदावर लिहिलेला असू द्या.

आणि घरच्यांना सांगा. काही दिवस फोनमधून 'जागा मोकळी करा' करू नका, एवढंच. मागे यायची वेळ आली तर स्नॅपशॉटनंतर चढलेले फोटो सर्व्हरवरून जातील. ते फोनमध्ये असले तर पुन्हा चढतात. नसले तर गेले.

डेटाची दुसरी प्रत

स्नॅपशॉट त्याच डिस्कवर असतो, म्हणून तो बॅकअप नाही. एक मोठी बाहेरची डिस्क जोडा, तिच्यावर एका डिस्कचा वेगळा पूल बनवा, 'डेटा प्रोटेक्शन'मधून रेप्लिकेशन टास्क, म्हणजे डेटाची प्रत करणारं काम, लावा. पहिली फेरी वेळ खाते, पुढच्या फेऱ्यांत फक्त बदल जातात. झालं की पूल 'एक्सपोर्ट' करा आणि डिस्क काढून कपाटात ठेवा. एक्सपोर्ट करताना 'डिस्ट्रॉय डेटा' अशी एक खूण समोर येते, तिला हात लावायचा नाही. सगळं ठेवायला जागा नसेल तर फोटो, कागदपत्रं आणि डेटाबेस आधी. सिनेमे पुन्हा मिळतात.

वेळ आणि जागा

सर्व्हर यूपीएसवर हवा. अपडेटच्या मध्येच वीज गेली तरी जुनं एन्व्हायर्न्मेंट सहसा शाबूत असतं, कारण नवी सिस्टीम शेजारी वेगळ्या डेटासेटमध्ये लिहिली जाते. तरी मुद्दाम परीक्षा बघायची नाही. पुणे-पिंपरीकडे गुरुवारी देखभालीसाठी वीज जाते, तुमच्या भागात जो वार असेल तो सोडा. वळवाच्या दिवसांतली संध्याकाळही नको.

सर्व्हरजवळ बसून अपडेट करा. अनेकांचा सर्व्हर आई-वडिलांच्या घरी असतो आणि ते स्वतः बंगळुरूत किंवा जर्मनीत. मध्ये सीजीनॅट (इंटरनेट कंपनीने अनेक ग्राहकांना वाटून दिलेला एकच पत्ता) असल्याने रस्ता एकच, टेलस्केल हे खासगी नेटवर्क. ते टेलस्केल त्याच सर्व्हरवर ॲप म्हणून चालत असेल तर अपडेटनंतर ॲप्स उठली नाहीत की दार बंद. अशा वेळी घरातल्या दुसऱ्या एखाद्या यंत्रावर, जुन्या रास्पबेरी पायवर म्हणा, टेलस्केल सबनेट राउटर (घरच्या सगळ्या नेटवर्कचं दार) म्हणून चालू ठेवा. तरी मोठं अपडेट शक्यतो सुट्टीत घरी आल्यावरच करावं. बाबांना फोनवरून 'आता डाउन ॲरो दाबा' सांगत बसणं दोघांनाही त्रासाचं असतं.

प्रत्यक्ष अपडेट

मॉनिटर आणि कीबोर्ड सर्व्हरला जोडा. नेटवर्कच्या पानावरचं इंटरफेसचं नाव आणि आयपी लिहून घ्या, कारण नव्या कर्नलमध्ये कधीकधी इंटरफेसचं नाव बदलतं आणि मग स्थिर आयपी लटकतो. तसं झालंच तर मॉनिटरवरच्या कन्सोल मेन्यूतला पहिला पर्याय नेटवर्क इंटरफेस नीट करण्यासाठीच आहे.

आता 'सिस्टीम', मग 'अपडेट'. २५.०४ मध्ये इथे 'ट्रेन', म्हणजे आवृत्त्यांची मालिका, निवडायची असते, ती गोल्डआयची निवडा. २५.१० पासून ट्रेनच्या जागी 'प्रोफाइल' आलं आहे. घरासाठी 'जनरल' ठेवा, 'अर्ली ॲडॉप्टर' आणि 'डेव्हलपर'च्या वाटेला जाऊ नका. इंटरनेट मधूनमधून तुटत असेल तर अपडेटची फाइल लॅपटॉपवर उतरवा, तिचा एसएचए-२५६ हा पडताळणीचा आकडा जुळतो का ते बघा आणि 'मॅन्युअल अपडेट'मधून चढवा. सुरू करण्याआधी सिस्टीम पुन्हा एकदा कॉन्फिगरेशन उतरवायचं का विचारते. हो म्हणा, सीडसकट.

रीबूटला वेळ लागतो. पहिल्या वेळी मॉनिटरवर ओळींमागून ओळी जातात, मध्ये बराच वेळ काहीच हलत नाही. पॉवरचं बटण दाबू नका. कन्सोल मेन्यू आणि त्याखाली वेब पत्ता दिसला की सिस्टीम उठली.

उठल्यावर

लॉगिन पान दिसलं म्हणजे झालं असं नाही. ब्राउझरची कॅशे साफ करून आत जा, घंटा वाचा, पूल आणि कूटबद्ध डेटासेट उघडे आहेत का बघा. ॲप्स एकेक करून सुरू करा. हिरवा 'रनिंग' दिवा पुरेसा नाही: फोनवरून एक नवा फोटो काढा आणि तो इमिचमध्ये येतो का ते बघा, नेक्स्टक्लाउडमध्ये एक फाइल बदला, जेलीफिनवर ट्रान्सकोड लागेल असा सिनेमा टीव्हीवर लावा. विंडोजवरून शेअर उघडून त्यात लिहून बघा. नुसतं वाचता येणं वेगळं आणि लिहिता येणं वेगळं.

मग न दिसणारी कामं. स्नॅपशॉटचं वेळापत्रक, रेप्लिकेशन, क्लाउड सिंक, यूपीएस सेवा, आणि क्रॉनमध्ये आलेल्या स्मार्ट चाचण्या. क्लाउड सिंक हाताने एकदा चालवा. दुसऱ्या दिवशी सकाळी रात्रीची कामं झाली का ते पुन्हा बघा.

मागे फिरायचं असेल तर

वेब पान उघडत असेल तर 'बूट' पानावर जुनं एन्व्हायर्न्मेंट निवडून 'ॲक्टिव्हेट' आणि रीबूट. उघडतच नसेल तर चालू होताना मॉनिटरवर ग्रब या बूट प्रोग्रॅमचा मेन्यू काही सेकंद दिसतो, तिथून जुनं निवडा. कॉन्फिगरेशन ज्या त्या एन्व्हायर्न्मेंटसोबत असतं, म्हणजे अपडेटनंतर बनवलेला वापरकर्ता किंवा शेअर मागे गेल्यावर दिसणार नाही. बूट डिस्कच मेली असेल तर नव्या डिस्कवर तीच आवृत्ती टाका आणि कॉन्फिगरेशनची फाइल चढवा. नव्या आवृत्तीची फाइल जुन्या आवृत्तीवर चढत नाही, म्हणून अपडेटच्या आधीची फाइल फेकायची नाही.

ॲप्स जुन्या सिस्टीमवर सुरळीत उठली तर डेटाला हात लावू नका. एखादं ॲप अडलंच, तर त्याच्या स्नॅपशॉटवर थेट 'रोलबॅक' करण्याआधी 'क्लोन टू न्यू डेटासेट' करा आणि आत डोकावून बघा. रोलबॅक त्या क्षणानंतरचं सगळं पुसतं, नंतरचे स्नॅपशॉटसुद्धा. शिवाय स्नॅपशॉट रिकर्सिव्ह घेतला असला तरी रोलबॅक एका डेटासेटपुरतं असतं. इमिचच्या फोटोंचं आणि पोस्टग्रेसचं दोन्ही करायचं, एकाच नावाच्या स्नॅपशॉटवर.

पूलचं अपग्रेड सगळ्यात शेवटी

अपडेटनंतर काही वेळाने घंटेत सूचना दिसू शकते: पूलसाठी नवी झेडएफएस फीचर्स उपलब्ध आहेत, अपग्रेड करा. शेजारी बटण असतं आणि दाबायला काही वेळ लागत नाही. दाबू नका. पूलची फीचर्स एकदा चालू होऊन वापरात आली की जुन्या आवृत्तीला तो पूल उघडता येईलच असं नाही, आणि हे मागे घेता येत नाही. म्हणजे इतक्या कष्टाने जपलेलं जुनं बूट एन्व्हायर्न्मेंट त्या एका क्लिकने निरुपयोगी होऊ शकतं. अपग्रेड न करता पूल वर्षानुवर्षं नीट चालतो. सूचना 'डिसमिस' करा. त्यातलं एखादं फीचर तुम्हाला खरोखर हवं असेल तरच करा, तेही नवी आवृत्ती महिनाभर सुरळीत चालल्यावर आणि कपाटातल्या डिस्कवर ताजी प्रत घेतल्यावर. त्या डिस्कवरचा पूल मात्र जुन्याच फीचर्सवर राहू द्या, म्हणजे गरज पडली तर जुनी सिस्टीमही तो वाचू शकेल.

त्याच महिन्याच्या शेवटी 'गोल्डआय-आधी' स्नॅपशॉट काढा, कारण तो बदललेल्या आणि पुसलेल्या फाइलींची जागा अडवून बसतो. फँगटूथच्या एन्व्हायर्न्मेंटवरची 'कीप'ची खूण काढा आणि घरच्यांना सांगा की आता फोनमधली जागा मोकळी करायला हरकत नाही.